दहापैकी आठ गुणांची शाळा आणि तिच्यामागचा हिशेब

कॅलिफोर्नियात घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न घराच्या दिशेचा किंवा स्वयंपाकघराचा नसतो, शाळेचा असतो. घरविक्रीच्या संकेतस्थळांवर घराच्या छायाचित्रांखाली जवळच्या शाळेला दहापैकी किती गुण आहेत हे दिलेले असते, आणि तो आकडा एकाने वाढला की घराची किंमतही वर सरकते. आम्ही २०१९ च्या उन्हाळ्यात ज्या शाळेच्या हद्दीत राहायला आलो तिला आठ गुण होते. तेव्हापासून आमची मुले त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिकत आहेत. हे परीक्षण त्या शाळेचे नसून ती चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टचे आहे, कारण शाळेबद्दल पालक एकमेकांना भरभरून सांगतात, पण ज्यांच्या हातात तिजोरी आणि नेमणुका असतात त्यांच्याबद्दल वाढदिवसांच्या पंगतीत अवाक्षरही निघत नाही. डिस्ट्रिक्टचे नाव मुद्दाम दिलेले नाही. मुले अजून तिथेच आहेत.

नव्याने येणाऱ्यांसाठी आधी दोन शब्दांचा खुलासा करतो. 'पब्लिक स्कूल' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भरमसाट फी घेणारी खासगी शाळा येते. इथे ती पूर्णपणे सरकारी आणि विनामूल्य असते. आणि 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. एका शहराचे एक, दोन शहरांचे मिळून एक, तर कुठे एकाच शहरात तीन अशी ही स्कूल डिस्ट्रिक्ट असतात. साऱ्या अमेरिकेत ती सुमारे १३,००० आहेत. हवाई राज्याचे मिळून एकच आहे, तर एकट्या कॅलिफोर्नियात साडेनऊशेच्या आसपास. महानगरपालिकेशी त्यांचा कारभार बहुधा जोडलेला नसतो. त्यांचे स्वतःचे निवडून आलेले मंडळ असते, स्वतःचा अर्थसंकल्प असतो आणि मंडळाने नेमलेला सुपरिंटेंडंट, म्हणजे मुख्य प्रशासक, असतो.

आमच्या मंडळात पाच सदस्य आहेत आणि त्यांची मुदत चार वर्षांची आहे. त्यांच्या बैठका दर पंधरवड्याला मंगळवारी संध्याकाळी होतात. खुल्या बैठकांसाठीच्या १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, विषयपत्रिकेबाहेरच्या बाबीवर निर्णय घेता येत नाही, आणि कोणालाही, नागरिक असो वा नसो, उठून बोलता येते. शेवटचा मुद्दा आपल्या लोकांनी अधोरेखित करून ठेवावा. व्हिसावर किंवा ग्रीनकार्डावर असणाऱ्यांना मंडळाच्या निवडणुकीत मत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ च्या सार्वमताने नागरिक नसलेल्या पालकांना तो अधिकार दिला, पण तो अपवाद आहे. मालमत्ता कर मात्र आपण पूर्ण भरतो. मत नसताना ज्याला हातात फक्त बोलण्याची दोन मिनिटे उरतात, त्याने निदान ती तरी वापरावीत, असे मला वाटते. मी स्वतः पहिली चार वर्षे ती वापरली नाहीत.

आता पैशाकडे वळतो, कारण या सेवेचे मर्म तिथे आहे. आपल्यातल्या अनेकांची समजूत अशी की घर महाग, म्हणजे मालमत्ता कर जास्त, म्हणजे शाळेला पैसा जास्त. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हे अजूनही पुष्कळ अंशी खरे आहे. कॅलिफोर्नियात एकेकाळी खरे होते. १९६८-६९ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमधले रहिवासी करपात्र मूल्याच्या दर १०० डॉलरमागे ५.४८ डॉलर शाळाकर भरत होते आणि त्यांच्या मुलांवर दरडोई ५७७ डॉलर खर्च होत होता. बेव्हर्ली हिल्समध्ये कर २.३८ डॉलर होता आणि खर्च १,२३२ डॉलर. गरीब वस्तीने दुपटीहून अधिक दराने कर भरायचा आणि निम्म्याहून कमी पैसा मिळवायचा, ही व्यवस्था राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सेरानो खटल्यात घटनाविरोधी ठरवली. दोनच वर्षांनी टेक्सासमधल्या अशाच तक्रारीवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उलटा निकाल दिला आणि शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही असे सांगितले. त्यामुळे हा प्रश्न ज्याच्या त्याच्या राज्याचा राहिला.

त्यानंतर १९७८ चे तेरावे प्रपोझिशन, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेला प्रस्ताव, आले. कर घराच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि करासाठी धरायच्या किमतीची वाढ, घर विकले जाईपर्यंत, वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त होणार नाही असे ठरले. आमच्या शेजारच्या आजी-आजोबांचा कर आमच्या एक-पंचमांशही नाही, याचे कारण हेच. त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही, दिवाळीचा फराळ आवडीने खाणारी माणसे आहेत. पण यामुळे शाळांच्या तिजोरीची दोरी स्थानिक मंडळाच्या हातून राज्याच्या राजधानीत, सॅक्रमेंटोला गेली. १९८८ च्या अठ्ठ्याण्णवाव्या प्रपोझिशनने राज्याच्या महसुलातला किमान वाटा शाळांसाठी राखला. हा महसूल मोठ्या प्रमाणावर श्रीमंतांच्या आयकरावर उभा असल्यामुळे शेअर बाजार पडला की त्याची झळ पहिलीच्या वर्गापर्यंत पोहोचते.

सध्याचे सूत्र २०१३ चे आहे. प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम मिळते. मूल गरीब घरचे, इंग्रजी शिकणारे किंवा पालनगृहातले असेल तर तिच्यावर वीस टक्के जादा. आणि अशा मुलांचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेले तर त्या ५५ टक्क्यांपलीकडच्या मुलांसाठी आणखी भर, जी आधी मूळ रकमेच्या ५० टक्के होती आणि २०२१ पासून ६५ टक्के झाली. मला हे सूत्र मनापासून न्याय्य वाटते. आमच्या डिस्ट्रिक्टसारख्या मध्यमवर्गीय वस्तीला त्यात ही भर मिळत नाही. मूळ रक्कम आणि थोडा जादा निधी एवढ्यावर भागवावे लागते. म्हणजे जिथे घरे सर्वांत महाग तिथल्या शाळेत दरडोई पैसा सर्वांत जास्त असेलच असे नाही. ती फट मग पालकांच्या देणग्या भरून काढतात, आणि आमच्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षकांचा पगार त्यातूनच निघतो.

हे सूत्र मराठी घरात कसे शिरते त्याचा एक नमुना सांगतो. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेविषयी चार प्रश्नांचा एक कागद देतात: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकले, ते घरी बहुतेक कोणती भाषा बोलते, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता, घरातली मोठी माणसे कोणती बोलतात. मुलीच्या वेळी एका अनुभवी गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते की सगळीकडे 'इंग्रजी' लिहा, नाहीतर पोरीची वेगळी परीक्षा घेतील आणि तिच्यावर शिक्का बसेल. चुलत्यांना 'काका' म्हणून पान मागणाऱ्या मुलीच्या कागदावर मी इंग्रजी लिहू शकलो नाही, मराठी लिहिले. परीक्षा झाली, ती 'इंग्रजी शिकणारी' ठरली, तिसरीच्या अखेरीस तो शिक्का पुसला गेला, आणि मधल्या काळात तिला रोज अर्धा तास जादा भाषाशिक्षण मिळाले. तिच्या नावावर डिस्ट्रिक्टला तेवढी वर्षे वीस टक्के जादा निधीही मिळाला. भीतीपोटी इंग्रजी लिहिणारे आईबाप तो निधी आणि ती शिकवणी दोन्ही नाकारत असतात.

वर्गातल्या सेवेबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही. शिक्षिका तयारीच्या आहेत, ईमेलला त्याच दिवशी उत्तर येते, मुलांना चूक करायची भीती वाटत नाही. २०२२ पासून राज्याच्या नियमाने सर्व मुलांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण विनामूल्य आहे. पदार्थांविषयी न बोललेले बरे, पण डबा विसरला तर पोर उपाशी राहत नाही. महामारीत मुलीची पहिली पडद्यावर गेली आणि दुसरीत आली तेव्हा तिला सलग परिच्छेद वाचता येत नव्हता. शाळेने तिला वाचनाच्या विशेष शिक्षिकेकडे पाठवले. चार मुलांचा गट, आठवड्यातून चार दिवस, ग्रंथालयामागच्या खोलीत. त्या बाई प्रत्येक मुलासाठी एक छोटी वही ठेवत, अडलेला शब्द तारखेसह लिहीत आणि तोच शब्द तीन वेगवेगळ्या दिवशी बिनचूक आला की त्यावर हिरवी रेघ ओढत. 'थ्रू', 'थो' आणि 'टफ' यांच्या स्पेलिंगांत मुलगी दीड महिना अडकली होती. ती वही आमच्याकडे अजून आहे. तिसरीच्या अखेरीस मुलगी वर्गाच्या पातळीच्या पुढे वाचत होती. माझ्या मते डिस्ट्रिक्टने आम्हाला दिलेली ही सर्वांत मोलाची सेवा.

त्या बाईंचा पगार कशातून निघतो हे मी कधी विचारले नव्हते. महामारीत केंद्र सरकारने मार्च २०२० ते मार्च २०२१ या काळातल्या तीन कायद्यांतून देशभरातल्या शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. त्यातला शेवटचा आणि सर्वांत मोठा हप्ता ३० सप्टेंबर २०२४ पूर्वी मार्गी लावायचा होता आणि डिस्ट्रिक्टला मिळालेल्या रकमेतला किमान पाचवा हिस्सा बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी होता. एकदाच येणारा हा पैसा अनेक डिस्ट्रिक्टांनी कायमच्या माणसांवर लावला. आमच्याकडच्या वाचनाच्या चारही शिक्षिका त्याच निधीतल्या होत्या. निधीला अंतिम तारीख होती. तशी तारीख त्यांच्या कामालाही आहे, हे पालकांना कुठल्याही पत्रकात सांगितले गेले नाही.

मला ते कळले डिसेंबर २०२३ च्या बैठकीत, तेही अपघातानेच, कारण मी गेलो होतो वाहतुकीच्या सिग्नलबद्दल बोलायला. त्या दिवशी वर्षाचा पहिला अंतरिम आर्थिक अहवाल होता. १९९१ मध्ये रिचमंड डिस्ट्रिक्टची तिजोरी वर्ष संपण्याआधीच रिकामी झाली, तेव्हापासून राज्यात कायदा आहे की प्रत्येक डिस्ट्रिक्टने वर्षातून दोनदा असा अहवाल द्यायचा आणि चालू वर्ष व पुढची दोन वर्षे आपण देणी भागवू शकू की नाही हे लिहून द्यायचे. उत्तर तीनपैकी एक असते: होय, कदाचित, नाही, कागदावरची नावे अर्थातच जास्त भारदस्त आहेत. त्यावर काउंटीचे, म्हणजे आपल्या महसुली जिल्ह्यासारख्या विभागाचे, शिक्षण कार्यालय नजर ठेवते. आमच्या अहवालावर 'होय' होते. पण तिसऱ्या वर्षाच्या रकान्याखाली बारीक टीप होती की हे उत्तर मंडळ आगामी काळात योग्य ती कपात करील हे गृहीत धरून आहे. कोणती कपात, कुठे, किती माणसे, यावर एक शब्द नव्हता. सादरीकरण अकरा मिनिटांत उरकले, एका सदस्याने प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर मिळाले की तपशील वसंतात येईल. त्याच संध्याकाळी, चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होणाऱ्या विषयांत, डिस्ट्रिक्टची नवी दृश्य ओळख तयार करण्यासाठी सल्लागार नेमण्याचा करारही होता. तो पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.

तपशील आला, तो मार्चमध्ये. कपात करायची असेल तर शिक्षकांना १५ मार्चपर्यंत प्राथमिक नोटीस द्यावी लागते आणि १५ मेपूर्वी अंतिम. इथे तिला पिंक स्लिप म्हणतात. क्रम बहुधा सेवाज्येष्ठतेचा असतो, शेवटी आला तो आधी जातो. बैठकीत सभागृह भरले होते, मोठ्या पडद्यावर दोन मिनिटांचे घड्याळ उलटे धावत होते. मी मुलीची ती हिरव्या रेघांची वही नेली होती आणि एक मिनिट चाळीस सेकंदांत संपवले. चार शिक्षिकांची पदे तीन विरुद्ध दोन मतांनी गेली.

कपात चुकीचीच होती असे मी म्हणत नाही. डिस्ट्रिक्टच्या खर्चातला सुमारे ८० टक्के किंवा अधिक भाग पगार आणि लाभांत जातो. शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी भरायचा वाटा २०१३-१४ मध्ये पगाराच्या ८.२५ टक्के होता तो आता १९.१ टक्के आहे; आणि मुलांची संख्या घटते आहे. पैसा मुलांच्या नोंदणीवर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. म्हणजे आपण डिसेंबरात लग्नासाठी तीन आठवडे पुण्याला गेलो की डिस्ट्रिक्टचे उत्पन्न तेवढे कमी होते, आणि १८० दिवसांपैकी १८ दिवस बुडाले तर आपले मूल 'सततचे गैरहजर' या यादीत जाते. जाण्याआधी शाळेत स्वतंत्र अभ्यासाचा करार करून घेतला आणि मुलाने दिलेले काम पूर्ण केले तर ते दिवस हजेरीत धरले जातात. हा कागद कार्यालयात मागितल्याशिवाय मिळत नाही, तो मागावा. राज्यात सततच्या गैरहजेरीचे प्रमाण २०१८-१९ मध्ये १२ टक्के होते, २०२१-२२ मध्ये ते ३० टक्क्यांवर गेले आणि अजून पूर्वपदाला आलेले नाही. तेव्हा तिजोरीवर ताण होता हे मला मान्य आहे. माझा आक्षेप इतकाच की तो ताण दोन वर्षे आधी दिसत असूनही वाचनाच्या पदांसाठी कायमचा निधी, उदाहरणार्थ त्या वीस टक्क्यांतला, राखण्याचा विषय मंडळापुढे एकदाही आला नाही.

इमारतींसाठीच्या रोख्यांवर मात्र हे मंडळ दक्ष आहे, त्याचे श्रेय दिले पाहिजे. २००० पासून शाळांचे रोखे मतदारांच्या ५५ टक्के मतांनी मंजूर होतात, पण त्यासाठी नागरिकांची देखरेख समिती बंधनकारक आहे, आणि आमच्या समितीचे अहवाल वाचण्यासारखे असतात. सॅन डिएगोजवळच्या पॉवे डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये सुमारे १०.५ कोटी डॉलर अशा अटींवर उभे केले की परतफेड जवळजवळ एक अब्जावर गेली. त्यानंतर २०१३ मध्ये राज्याने अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर आणि परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर आणून ठेवली. आमच्याकडे विज्ञानाची नवी इमारत वेळेत आणि ठरलेल्या खर्चात उभी राहिली. अडचण अशी की रोख्यांच्या पैशातून भिंती बांधता येतात, शिक्षकाचा पगार देता येत नाही. नव्या इमारतीची फीत आणि पिंक स्लिपा एकाच वसंतात निघाल्या, तेव्हा पालकांचा झालेला गोंधळ समजण्यासारखा होता.

राहिला निकालांचा विषय. राज्याची परीक्षा तिसरी ते आठवी आणि अकरावीला होते, आणि मुलाची गणना चार रकान्यांत होते; २०२३-२४ मध्ये त्यांची नावे निकष ओलांडला, पूर्ण केला, जवळ आला, पूर्ण केला नाही अशी होती. राज्यात पहिल्या दोन रकान्यांतली मुले भाषेत २०१८-१९ मध्ये ५१ टक्के होती ती २०२३-२४ मध्ये ४७ झाली. गणितात ४० वरून साडेपस्तीसच्या आसपास. राष्ट्रीय चाचणीत आठवीचे गणित २०२२ मध्ये ८ गुणांनी घसरले होते, आणि २०२४ मध्ये चौथी व आठवी दोन्हीकडे वाचन आणखी २ गुणांनी खाली आले. आमच्या डिस्ट्रिक्टचे आकडे राज्याच्या बरेच वर आहेत आणि सुपरिंटेंडंट प्रत्येक शरद ऋतूत ते अभिमानाने दाखवतात. त्या अभिमानात माझा सहभाग आता कमी झाला आहे. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टांचे निकाल एकत्र तपासून दाखवले आहे की सरासरी गुण पालकांच्या आर्थिक स्थितीशी घट्ट बांधलेले असतात, पण मुले वर्षागणिक किती शिकतात याचा त्या स्थितीशी संबंध पुष्कळ सैल असतो. त्यांच्या अभ्यासात शिकागोची मुले, ज्यांची सरासरी कमी होती, तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती करताना दिसली. त्या मोजपट्टीने आमचे डिस्ट्रिक्ट मधल्या रांगेत बसते. घराच्या जाहिरातीतला मोठा आकडा बऱ्याच अंशी सरासरीवर उभा असतो. म्हणजे तो वाचून आपण शेजाऱ्यांचे उत्पन्न जाणून घेत असतो. राज्याचा स्वतःचा डॅशबोर्ड, म्हणजे शाळांचे निकाल दाखवणारे २०१७ पासूनचे संकेतस्थळ, लाल ते निळा अशा पाच रंगांत पातळी आणि बदल दोन्ही एकत्र दाखवतो, आणि विद्यार्थ्यांच्या गटांप्रमाणेही दाखवतो. घर घेण्याआधी तो पाहावा, आणि आपल्याला हव्या त्या शाळेतल्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा रंग आवर्जून पाहावा.

गुण द्यायचेच तर वर्गाला मी पाचपैकी साडेचार देईन, बांधकामाला चार, आर्थिक पारदर्शकतेला दोन. नव्याने येणाऱ्या कुटुंबाला मी हे डिस्ट्रिक्ट नाकारायला सांगणार नाही. मात्र मंडळाचे डिसेंबर आणि मार्चचे अंतरिम अहवाल आधी उघडावेत, तिसऱ्या वर्षाचा रकाना आणि त्याखालच्या टिपा वाचाव्यात, आणि शाळेच्या परिषदेवर पालकांची जी जागा असते तिच्यासाठी उभे राहावे. तिला नागरिकत्व लागत नाही.

आमचा धाकटा २०२४ मध्ये दुसरीत गेला आणि ताईसारखाच वाचनात अडखळला. शाळा तीच, वर्गशिक्षिकाही तीच, जाहिरातीतले गुण अजून आठच. ग्रंथालयामागच्या खोलीत आता जुने संगणक ठेवले आहेत. वर्षभर वाट पाहून आम्ही त्याला आठवड्यातून दोनदा खासगी शिकवणीला घातले आणि तो हळूहळू रुळावर येतो आहे. येत्या वसंतात तो तिसरीची परीक्षा देईल. निकष पूर्ण झाला, तर तो डिस्ट्रिक्टच्या आकड्यात जमा होईल, आणि शिकवणीची फी आमच्या खात्यातून जात राहील.